कयाकचालन

कयाकचालन : कयाक या अरुंद, लांबट व वरून आच्छादलेल्या होडीत पाय पुढे पसरून बसून, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने ती चालविण्याची क्रिया. सामान्य होडीत वल्हविणारा बहुधा प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो आणि वल्हे होडीच्या काठावरील खुंटीला अडकविलेले असते. कयाकमध्ये चालक पुढे तोंड करून बसतो व वल्हे कशालाही टेकविलेले नसते. ते केवळ त्याच्या दोन हातांत असते. कनू ही कयाकची निकटची भगिनी होय. मात्र कनूच्या शर्यतींत चालक गुडघा टेकून बसतो व एकाच पात्याचे वल्हे वापरतो.

वल्ह्याला टेकू नसणे, या एका गोष्टीतून कयाकचालनाचे बहुतेक तंत्र निघते. पात्यावर पडणारा पाण्याचा रेटा चालकाच्या हातांतून धडात, धडातून कंबरेत व पायांत आणि तेथून होडीत उतरावा लागतो. त्यामुळे कयाकचालन हे दंडाच्या बळाचे काम आहे हा सर्वसाधारण समज बरोबर नाही. सशक्त तरुण अर्ध्या तासात दमतो आणि त्याच्याहून दुबळा पण शिकलेला मनुष्य दिवसभर वल्हवीत राहतो, याचे कारण दुसरा धडाने वल्हवितो हे होय.

पूर्वपीठिका : कयाकचा उगम उत्तर ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट, युपिक व अल्यूट लोकांत झाला. (इन्युइटांसाठी पूर्वी रूढ असलेले ‘एस्किमो’ हे नाव आता सहसा वापरीत नाहीत, जुन्या तांत्रिक संज्ञांतच ते शिल्लक आहे.) वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा बांधून त्यावर सीलचे कातडे ताणून शिवीत. कयाक ही मुख्यतः शिकाऱ्याची होडी. माणसे व सामान वाहून नेण्यासाठी उमियाक नावाची मोठी, उघडी होडी वेगळी असे. प्रत्येक शिकारी आपली कयाक स्वतःच्या अंगाच्या मापाने, म्हणजे वाव, हात व मूठ या मापांनी, बांधून घेई. ग्रीनलंडमध्ये शिकारी तुइलिक नावाचा कातडी सदरा घालीत व त्याची खालची कड बैठकीच्या विवराभोवतीच्या कड्याला घट्ट बांधीत. त्यामुळे मनुष्य आणि होडी यांच्यात पाणी शिरण्यास फट राहत नसे. कयाकमध्ये बसण्यापेक्षा ती अंगात घातली जाते असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

यूरोपात या होडीचा प्रसार करण्याचे श्रेय स्कॉटिश प्रवासी जॉन मॅग्रेगर यांना देतात. त्यांनी १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाच्या आच्छादित होडीतून यूरोपातील नद्यांवर प्रवास केला व पुढील वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९०५ मध्ये आल्फ्रेट हॉइरिश या जर्मन विद्यार्थ्याने घडी करता येणारी कयाक तयार केली. तिचे हक्क योहानेस क्लेपर यांनी घेतल्यानंतर या होड्या आगगाडीतून नदीकाठापर्यंत नेता येऊ लागल्या आणि हा छंद मध्यमवर्गात पसरला. ऑस्कर श्पेक हा जर्मन गृहस्थ १९३२ मध्ये अशाच घडीच्या कयाकमधून उल्म येथून निघाला व भारताच्या किनाऱ्यालगत प्रवास करीत १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला; तोवर महायुद्ध सुरू झाल्याने तेथे त्याला स्थानबद्ध करण्यात आले. पुढे काचतंतू व त्यानंतर पॉलिएथिलीन यांपासून होड्या बनू लागल्या आणि खडकांवर आपटण्याची भीती बरीच कमी झाली.

होडी व वल्हे : समुद्रावर अथवा मोठ्या जलाशयावर वापरावयाची कयाक साधारणपणे ४·५ ते ५·५ मी. लांब व ५५ ते ६५ सेंमी. रुंद असते. खळाळत्या नदीसाठीची कयाक याच्या निम्म्याएवढी लांब, तळाशी गोलसर व चटकन वळणारी असते. लांब होडी सरळ जाते पण सावकाश वळते. आखूड होडीचे याच्या उलट. नवशिक्याने म्हणून थोडी रुंद व मध्यम लांबीची होडी घ्यावी. बैठकीच्या विवराभोवती उंच कडे असते. त्यावर चालकाच्या कंबरेला बांधलेला जलरोधी घेर ताणून बसवितात व घेराच्या पुढच्या बाजूस ओढण्याचा पट्टा असतो. हा पट्टा नेहमी बाहेर राहिला पाहिजे. तो चुकून आत दुमडला गेल्यास उलटलेल्या होडीतून बाहेर पडणे अवघड होते.

वल्हे सु. २१० ते २४० सेंमी. लांब असते. शर्यतीचे वल्हे याहून थोडे आखूड असून १९८० नंतरच्या दशकात त्यासाठी पंखासारखी वळलेली पाती रूढ झाली. बहुतेक वल्ह्यांची दोन पाती एका प्रतलात नसतात. त्यांच्यात ३० ते ६० अंशांचा कोन ठेवतात (पूर्वी तो ९० अंशांपर्यंत असे). एक पाते पाण्यात असताना हवेतील दुसऱ्याने वारा अडवू नये, हा त्यामागील हेतू. यामुळे एका हाताने (बहुधा उजव्या) दांडा पक्का धरावा लागतो व दुसऱ्या हातात तो सैलपणे फिरू द्यावा लागतो. ग्रीनलंडचे पारंपरिक वल्हे अरुंद पात्यांचे असून त्यात असा कोन नसतो.

वल्हे धरण्याचे अंतर ठरविण्यासाठी दांडा डोक्यावर आडवा ठेवतात. दोन्ही कोपरांत काटकोन झाला की हात योग्य जागी आले असे समजावे. बोटांची पकड हलकी हवी. दांडा आवळून धरणारे आणि मनगट सतत वाकवून ठेवणारे चालक मनगटातील स्नायुबंधांच्या दाहाने काही आठवड्यांतच जायबंदी होतात.

बैठक : पाठ ताठ, किंचित पुढे झुकलेली, चवडे पायटेकूंवर, गुडघे बाहेरच्या बाजूस वळून होडीच्या आच्छादनाखाली टेकलेले. अशा बैठकीत पाय, मांड्या व नितंब या तिन्ही ठिकाणी होडीशी संपर्क राहतो. मागच्या टेकूवर रेलून बसणे सुखाचे वाटते. पण त्यामुळे धड फिरत नाही आणि सारे काम खांद्यांवर येते.

उलटण्याचा सराव : चांगले शिक्षक वल्हविण्याच्या आधी उलटणे शिकवितात. हा क्रम नवशिक्यांना विचित्र वाटतो, परंतु तो सकारण आहे. उलटण्याच्या भीतीने अंग आखडते आणि आखडलेल्या कंबरेची माणसेच लवकर उलटतात. कंबरभर, शांत व कोमट पाण्यात, सोबती शेजारी उभा असताना, चालकाने मुद्दाम होडी उलटवावी. पाण्याखाली गेल्यावर प्रथम पुढे वाकून डोके आच्छादनाजवळ आणावे (यामुळे खडकांपासून चेहरा वाचतो व पायही सहज निसटतात). नंतर विवराच्या कड्यावरून हात फिरवून पट्टा शोधावा, तो पुढे व वर ओढून घेर सोडवावा, दोन्ही हात नितंबांजवळ कड्यावर टेकवून गुडघे सैल करावे आणि विजार उतरवावी तसे होडीतून निघावे. या क्रियेस काही सेकंदच लागतात. पाण्याखाली तो काळ फार मोठा वाटतो. घाईने मागे रेलून निघू पाहणाऱ्याच्या मांड्या कड्यात अडकतात. बाहेर आल्यावर होडी व वल्हे सोडू नये, कारण दूरवरून डोक्यापेक्षा होडी लवकर दिसते. जीवरक्षक जाकीट उत्तम पोहणाऱ्यानेही घातले पाहिजे. जाकिटाविना बुडालेल्यांत पोहणारे पुष्कळ असतात.

सरळ ओढ : होडी पुढे नेणारी ही मूलभूत क्रिया. तिचे तीन भाग पडतात : पाते बुडविणे, ओढणे व बाहेर काढणे. उजव्या बाजूची ओढ घ्यावयाची असल्यास धड डावीकडे वळवून उजवा खांदा पुढे आणतात व पाते उजव्या चवड्याच्या रेषेत, होडीला लगटून, पूर्ण बुडवितात. पाते अर्धे बुडाले असतानाच ओढण्यास प्रारंभ करणे ही सर्वांत सामान्य चूक होय. त्याने पाणी उडते, आवाज होतो आणि होडी जागची फारशी हलत नाही. पाते पूर्ण बुडाल्यावर धड उलट दिशेने वळवीत त्याच बाजूच्या पायाने टेकूवर दाब द्यावयाचा असतो. उजवे कोपर या काळात जवळजवळ सरळच राहते. वरचा, म्हणजे डावा, हात डोळ्यांच्या उंचीखालून आडवा पुढे सरकतो. पाते नितंबाशी आले की ते लगेच बाजूने उचलावे. त्यामागे ओढत नेल्यास ते पाणी मागे लोटण्याऐवजी वर उचलू लागते, होडीची पिछाडी खाली दबते आणि नाळ दुसऱ्या बाजूस वळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाते पाण्यातून मागे ओढले जाते असे दिसत असले, तरी कुशल चालकाचे पाते पाण्यात जवळजवळ एकाच जागी रोवलेले राहते व होडीच त्याच्याजवळून पुढे सरकते. नदीतट्टी बांबू रोवून नाव लोटणाऱ्या नावाड्याची क्रिया याहून तत्त्वतः वेगळी नाही. ही कल्पना मनात ठसली की ‘पाणी मागे फेकण्याची’ धडपड थांबते.

धडाचा वापर अंगवळणी पडावा म्हणून दोन सराव उपयुक्त आहेत. जमिनीवर पाय पसरून बसावे व काठी दोन्ही हातांत धरून, कोपरे न वाकविता, केवळ कंबरेतून वळत राहावे. पाण्यावर हाच सराव काही अंतरापर्यंत कोपरे ताठ ठेवून करावा. तो दिसावयास हास्यास्पद असला, तरी पाठीच्या व पोटाच्या मोठ्या स्नायूंची ओळख याहून लवकर होत नाही.

सर्वसाधारण चालक ५ मी. लांबीची कयाक ताशी ५ ते ६ किमी. वेगाने दीर्घकाळ चालवू शकतो. वेग वाढत गेला की होडीने उत्पन्न केलेल्या लाटेची लांबी होडीच्या लांबीएवढी होऊ लागते व त्यापुढे थोड्या वेगासाठी फार मोठे श्रम पडतात. या मर्यादेशी झगडण्यात नवशिक्यांची बरीच शक्ती वाया जाते.

वळविणे व थांबविणे : नाळेजवळ बुडविलेले पाते होडीपासून दूर, मोठ्या अर्धवर्तुळात फिरवून पिछाडीपर्यंत आणले की होडी विरुद्ध बाजूस वळते. या फेर-ओढीचा पहिला व शेवटचा तृतीयांश भाग सर्वाधिक परिणामकारक असतो. मधल्या भागात पाते होडीच्या मध्याशी असल्याने ते तिला वळविण्याऐवजी पुढेच ढकलते. हीच क्रिया पिछाडीकडून नाळेकडे केल्यास होडी पात्याच्या बाजूस वळते व वेगही मंदावतो. उभे पाते होडीपासून दूर रोवून स्वतःकडे ओढल्यास होडी आडवी सरकते. धक्क्याला लागताना या कडेच्या ओढीचा उपयोग होतो. थांबण्यासाठी दोन्ही बाजूंना आळीपाळीने लहान उलट्या ओढी घेतात. तीन-चार ओढींत होडी थांबली पाहिजे. इतर होड्यांच्या गर्दीत जाण्यापूर्वी एवढे साधलेले असावे.

तोल व आधार : कोकण किनाऱ्यावरील काही अरुंद होड्यांना तोलासाठी एका बाजूस आडव्या दांड्यांनी उलांडी जोडलेली असते. कयाकला तसा आधार नसतो. चालकाची सैल कंबर हीच तिची उलांडी होय. लाटेने होडी कलली तरी धड सरळ राहिले पाहिजे, म्हणजे गुरुत्वमध्य होडीच्या तळावरच राहतो. एक गुडघा वर दाबून व दुसरा सैल सोडून होडी मुद्दाम कलविता येते. याला कडेवर घेणे म्हणतात. स्थिर पाण्यात ज्या बाजूस वळावयाचे तिच्या विरुद्ध कड दाबली असता लांब होडीही चटकन वळते, कारण पाण्यातील तिचा आकार वक्र होतो.

तोल जाऊ लागताच पात्याने पाण्यावर क्षणभर टेकू घेतात. खालच्या आधारात कोपरे दांड्याच्या वर असून पात्याची पाठ पाण्यावर थापली जाते; वरच्या आधारात कोपरे दांड्याखाली असतात व पात्याची पोटाची बाजू वापरतात. दोन्हींत पाते केवळ क्षणाचा अवकाश देते. होडी सरळ होते ती गुडघ्याच्या व कंबरेच्या झटक्याने. वरच्या आधारात हात खांद्याच्या मागे किंवा डोक्यावर गेल्यास खांदा निखळण्याचा धोका असतो. कयाकचालनातील गंभीर दुखापतींत ही दुखापत विशेष आढळते. हात सदैव छातीच्या पुढे ठेवावे, हा नियम त्यासाठीच आहे.

लोळण : उलटलेली कयाक आत बसल्याबसल्याच पुन्हा सरळ करण्याच्या कौशल्यास एस्किमो लोळण म्हणतात. ध्रुवीय शिकाऱ्यांच्या दृष्टीने हा खेळ नव्हता. बांधलेल्या सदऱ्यातून बाहेर पडणे कठीण आणि बाहेर पडल्यास गोठणाऱ्या पाण्यात मृत्यू ठरलेला, अशा स्थितीत ही क्रिया प्राणरक्षणाचा उपाय होती. भाल्याची दोरी अंगाभोवती गुंतली किंवा वल्हे हरवले, तर काय करावे याचेही वेगवेगळे प्रकार त्यांनी बसविले होते. ग्रीनलंडमधील स्पर्धांत आजही लोळणीचे तीसहून अधिक प्रकार करून दाखवितात. यूरोपीयांपैकी ही क्रिया ऑस्ट्रियाच्या हान्स पावलाटा यांनी वर्णनांच्या आधारे १९२७ मध्ये साध्य केली. ब्रिटिश समन्वेषक जीनो वॉटकिन्स १९३०-३१ च्या मोहिमेत ग्रीनलंडच्या रहिवाशांकडून प्रत्यक्ष शिकले व कुशल शिकारी बनले. तथापि ऑगस्ट १९३२ मध्ये सीलच्या शिकारीस एकटेच गेले असता ते परतले नाहीत. त्यांची रिकामी कयाक तरंगताना सापडली. देह मिळाला नाही. त्यांचे वय त्यावेळी २५ वर्षांचे होते.

लोळणीत पुढे वाकून वल्हे होडीला समांतर, पाण्याच्या पृष्ठभागावर आणतात; ते बाहेरच्या बाजूस फिरवीत असतानाच कंबरेच्या झटक्याने होडी प्रथम सरळ करतात, मग धड व सर्वांत शेवटी डोके वर येते. श्वासासाठी डोके आधी उचलण्याची प्रेरणा स्वाभाविक असते, पण तीच घातक ठरते. डोक्याचे वजन सु. ४ ते ५ किग्रॅ. असते, ते पाण्यात असेपर्यंत पाणी त्याचा भार उचलते, बाहेर येताच तो सर्व भार अर्धवट कललेल्या होडीवर पडतो व ती पुन्हा उलटते. म्हणून सोबत्याचे हात किंवा तलावाचा काठ धरून केवळ कंबरेचा झटका आधी पक्का करावा. वल्हे नंतर हाती घ्यावे.

ज्यास लोळण येत नाही त्याच्यासाठी दोघांनी करावयाची सोडवणूक आहे. सोबती उलटलेल्या होडीची नाळ आपल्या होडीवर आडवी ओढून घेऊन पाणी निथळवितो, ती सरळ करून आपल्या होडीशेजारी घट्ट धरतो आणि पाण्यातील मनुष्य पिछाडीवरून सरपटत आत शिरतो. सराव असल्यास हे काम दोन-तीन मिनिटांत होते. ही सोडवणूक न येणाऱ्यांनी किनाऱ्यापासून दूर जाऊ नये.

वारा, भरती-ओहोटी व प्रवाह : बाजूच्या वाऱ्यात पुढे जाणारी कयाक वाऱ्याकडे तोंड फिरवू पाहते. नाळेवर पाण्याचा दाब असल्याने ती जागी धरली जाते व मोकळी पिछाडी वाऱ्याबरोबर सरकते. पिछाडीखाली सोडावयाची पट्टी किंवा सुकाणू यासाठीच बसवितात. नवशिक्यास खरा धोका असतो तो जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा. अशा वेळी किनाऱ्यालगतचे पाणी शांत दिसते, होडी आपोआप पुढे जाते आणि परतताना तोच वारा तोंडावर येतो. कोकणात रात्री व पहाटे मतलई वारे आणि दुपारी खारे वारे वाहतात. खाडीत ओहोटीचा ओघ मुखाकडे जातो व उधाणाच्या दिवसांत तो विशेष जोराचा असतो. सरावाची वेळ त्यामुळे स्थानिक कोळ्यांना विचारून ठरविणे श्रेयस्कर होय.

नदीत प्रवाह स्वतःच होडी उलटवितो. संथ पाण्यातून वेगाच्या धारेत शिरताना धारेच्या वरच्या अंगाची कड उचलून धरावी लागते. तसे न केल्यास पाणी त्या कडेवर चढते व होडी तत्काळ उलटते. खडकावर आडवे आदळल्यास खडकाकडे झुकावे, दूर नव्हे. पाण्यात पडलेल्याने उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे करावे आणि वेगाच्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण पाय दगडांत अडकल्यास पाणी त्यास खाली दाबते. धबधब्यापेक्षाही सपाट बंधारा फसवा असतो. त्याच्या पायथ्याशी पाणी वर्तुळाकार उलटे फिरते व तरंगती वस्तू बंधाऱ्याकडेच परत ओढते. महाराष्ट्रातील कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यापूर्वी बर्गे काढलेले असतात व पाणी खांबांमधून वाहते. ही दारे दुरून मोकळी दिसली, तरी खांबाला आडवी अडकलेली होडी पाण्याच्या भाराने वाकते व चालक आत दाबला जाऊ शकतो. अशा ठिकाणी होडी उचलून काठाने नेणे हाच मार्ग आहे.

स्पर्धा व भारत : १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिक सामन्यांत कयाक शर्यतींचा समावेश झाला, महिलांची शर्यत १९४८ पासून सुरू झाली. उसळत्या पाण्यातील फाटकांची स्पर्धा १९७२ मध्ये व नंतर १९९२ पासून सातत्याने होत आहे. एकट्याच्या शर्यती होडीची कमाल लांबी ५·२० मी. व किमान वजन १२ किग्रॅ. असते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये संथ पाण्यावरील कयाकच्या शर्यती ५०० व १,००० मी. अंतराच्या होत्या. भारतात या खेळाची राष्ट्रीय संघटना १९८५ मध्ये स्थापन झाली. भोपाळचा मोठा तलाव हे सरावाचे प्रमुख केंद्र आहे. हांगजो येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धांत (२०२३) प्राची यादव यांनी महिलांच्या केएल-२ कयाक शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. बसूनच, आणि मुख्यत्वे धडाच्या बळावर, चालविण्याची होडी असल्यामुळे पायांनी अपंग व्यक्तींना हा खेळ विशेष अनुकूल आहे.

गोव्यात खाड्या व कांदळवने यांतून संथ पाण्यावरील कयाकचालन पर्यटकांत लोकप्रिय झाले आहे. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळ कुंडलिका नदीवर खळाळत्या पाण्याचे कयाकचालन चालते. येथील प्रवाह वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असल्याने सरावाच्या वेळा त्या विसर्गानुसारच ठरतात.